नवस फेडतो कोण?

गणपतीचे दिवस जवळ आले की एक वाद ठरल्यासारखा उठतो. मुंबईत नवसाच्या रांगेत तासन् तास ताटकळलेल्या माणसांचे फोटो येतात. कुणीतरी त्याखाली तुकोबांची ओळ टाकतं, 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती', आणि मग दोन्हीकडून बाह्या सरसावल्या जातात. एक बाजू म्हणते, नवस म्हणजे देवाला दिलेली लाच. दुसरी म्हणते, आम्हाला प्रचिती आली आहे, तुमचे पुरावे तुमच्याजवळ ठेवा. माघात, चैत्रात जत्रा आल्या की हेच सगळं पुन्हा. वर्षानुवर्षं दोघं एकाच प्रश्नाभोवती फिरताहेत: देव पावतो की नाही? मला वाटतं हा प्रश्न कधीच सुटणार नाही आणि तो सुटायची वाट पाहायचं काही कारणही नाही. ज्याला पावला असं वाटतं, त्याच्यापुरता तो पावलेलाच असतो. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते. मागितलेलं पदरात पडलं. आता त्याची किंमत कोण मोजणार, आणि जे मिळालं त्याच्यासोबत जन्म कोण काढणार?

माझं म्हणणं आधीच सांगतो. माणसाने देवाकडे मागावं, मोकळ्या मनाने मागावं. पण जो बोलला त्यानेच फेडावं. दुसऱ्याच्या जिवावर, त्यातही अजून जन्माला न आलेल्या लेकराच्या जिवावर, नवस बोलायचा अधिकार कुणालाच नाही, आईबापालाही नाही. आणि मागण्याआधी एवढा विचार तरी व्हावा, की हे सगळ्यांनी मागितलं आणि सगळ्यांनाच मिळालं, तर गावात काय उरेल.

नवसाची टिंगल करणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही, त्याचं कारण माझी आत्या. तिचं सासर कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. तिला तीन मुली. तिसरी झाली त्या पहाटे बाळंतिणीला पाणी तापवून द्यायलाही घरातलं कुणी उठलं नाही, हे ती आजही सांगते, आणि सांगताना तिचा आवाज चढत नाही, उलट बारीक होतो. सासऱ्यांनी दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू केली होती. ना शिक्षण, ना नावावर जमीन, ना माहेरी परत जायची सोय. त्या घरात तिचं ऐकून घेणारी एकच जागा होती, देव्हाऱ्यापुढची. तिथे ती जोतिबाला बोलली: मुलगा होऊ दे, दर चैत्रात तो अनवाणी तुझा डोंगर चढेल, यात्रेत गावच्या उंच सासनकाठीला खांदा देईल, जन्मभर. अशा बाईला 'लाच दिलीस' म्हणणं हा नुसता निर्दयपणा आहे. तिच्याकडे द्यायला होतं काय? बाकी सगळी दारं लागलेली असताना जे दार उघडं दिसलं ते तिने ठोठावलं. तिला हसायच्या आधी ती दारं कुणी लावली ते विचारलं पाहिजे.

नवसाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलावी लागते, आणि ती मला सगळ्यात वजनदार वाटते. नवस फेडणारा माणूस शब्द पाळत असतो. त्याने काय कबूल केलं हे पुष्कळदा त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नसतं. तारखेचं करारपत्र नसतं, साक्षीदार नसतो, नाही फेडलं तर जप्ती येणार नसते. तरी माणूस पोटाला चिमटा काढून पैसे साठवतो आणि ठरलेल्या दिवशी जाऊन पाळणा वाहतो, गुळाची तुला करतो. जिथे स्टँपपेपरवर लिहून दिलेलं पाळलं जात नाही, तिथे मनातल्या मनात बोललेलं पाळणारी माणसं आहेत, याची मला किंमत वाटते. विवेकवादी मित्रांनी ही गोष्ट फार लवकर मोडीत काढली.

त्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, आणि श्रद्धेच्या बाजूने त्याला सरळ उत्तर कधी मिळत नाही. नवसाचा हिशेब पूर्ण होतच नाही. फेडून झाला तरी मनात राहतं, काही चुकलं तर नाही ना? पुढे दहा वर्षांनी गाय दगावली, सून आजारी पडली, की कुणीतरी जुना नवस उकरून काढतं. आत्याला मुलगा झाला, तोच माझा आतेभाऊ, आमचा दादा. दादा बाविसाव्या वर्षी वापीला एका कारखान्यात लागला. त्या चैत्रात सुट्टी मिळाली नाही, यात्रा हुकली. श्रावणात त्याच्या मधल्या बहिणीचा नवरा मोटारसायकलवरून पडून गेला. घरात कुणी त्याला दोष दिला नाही. दशक्रियेच्या दिवशी एक म्हातारी एवढंच म्हणाली, 'चैत्राला काठी चुकली न्हवं औंदा.' दादाने पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. त्यानंतर तो एकही चैत्र चुकला नाही. पन्नाशीला आला तरी बहिणीच्या पांढऱ्या कपाळाकडे बघताना त्याची मान खाली जाते. देवाकडे त्याने काहीच मागितलं नव्हतं. बोलणी झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

हे नवीन नाही. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली हरिश्चंद्राची कथा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आपला हरिश्चंद्र म्हणजे डोंबाघरी पाणी भरणारा सत्यवादी राजा. त्याहून जुनी ही कथा नवसाचीच आहे. राजाला शंभर राण्या, पण मुलगा नाही. नारदाच्या सांगण्यावरून तो वरुणाला साकडं घालतो: मुलगा दे, त्याच मुलाचा बळी देऊन तुझा यज्ञ करीन. मुलगा होतो, रोहित. वरुण दारात येऊन उभा. राजा म्हणतो, दहा दिवस तरी होऊ देत. मग म्हणतो, दात येऊ देत. मग, दात पडू देत. मग, पुन्हा येऊ देत. मग, क्षत्रियाचं पोर आहे, कवच घालण्याइतकं होऊ दे. मागताना एका दमात बोलून गेलेला बाप फेडायची वेळ आल्यावर एकेका दाताची मुदत मागत राहतो. या जागी मी वाचताना नेहमी थांबतो, कारण इथे राजा उरत नाही, कुठलाही बाप उरतो. शेवटी रोहितला कळतं आणि तो धनुष्य घेऊन रानात निघून जातो. राजाला जलोदर होतो.

आणि मग जे घडतं ते आजच्या कुठल्याही गावात शोभेल. रानात रोहितला भुकेने कासावीस झालेला अजीगर्त भेटतो. त्याला तीन मुलगे. बाप थोरल्याला कवटाळतो, आई धाकट्याला. उरला मधला, शुनःशेप. रोहितऐवजी बळी द्यायला शंभर गाईंना त्याचा सौदा होतो. यज्ञात त्याला यूपाला, म्हणजे बळीच्या खांबाला, बांधायला कुणी पुढे येईना. आणखी शंभर गाई घेऊन बापच बांधतो. त्याच्यावर शस्त्र चालवायला कुणी धजेना. आणखी शंभर गाई घेऊन बापच सुरी परजत येतो. नवस बोलला राजा, मुलगा मिळाला राजाला, आणि खांबाला बांधला गेला तिसऱ्याच घरचा, कुणालाच नको असलेला पोरगा. शुनःशेप देवांची आळवणी करतो, उषेच्या ऋचा म्हणता म्हणता पाश गळून पडतात. बाप त्याला परत घ्यायला येतो, तेव्हा तो जात नाही. माझ्याऐवजी तू तीनशे गाई पसंत केल्यास, असं तोंडावर सुनावतो आणि विश्वामित्राचा मुलगा होऊन राहतो. मला या कथेत महत्त्वाचं वाटतं ते हे: यात वरुण पावतो की नाही असा वादच नाही. तो पावलेला आहे. कथेची सगळी वेदना पावल्यानंतरची आहे, आणि ती परंपरेच्या आतून, श्रद्धेच्या भाषेत सांगितलेली आहे. मग नवसाला प्रश्न विचारणं म्हणजे परंपरेवर घाव घालणं कसं?

महाराष्ट्राने हा शुनःशेप आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे, फक्त तो मुलगी होता. 'मूल होऊ दे, पहिली लेक तुझ्या पायाशी सोडीन,' असा खंडोबाला नवस बोलायचा, आणि झालेल्या मुलीचं देवाशी लग्न लावून तिला मुरळी करायचं. भंडारा उधळला जायचा, गळ्यात कवड्यांची माळ पडायची. त्या लहान पोरीला काय कळत असेल? पुढे तिचं जे होई ते सगळ्यांना माहीत होतं. देवाची म्हणून ती कुणाची बायको व्हायची नाही, आणि म्हणूनच कुणाच्याही हाताला लागायची. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या पोरींचं तेच. या पोरी आल्या कुठल्या घरांतून? बहुतेक दलितांच्या, भूमिहीनांच्या. इथेही शुनःशेप मधलाच निघाला. शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या आपल्या नियतकालिकातून याविरुद्ध आवाज उठवला, विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुरळीबंदीसाठी चळवळ केली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्यांबाबत कायदा केला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ चा, आणि आपल्या राज्याचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा थेट २००५ चा. एवढी वर्षं लागली, कारण प्रत्येक वेळी समोर एकच भिंत होती: बोललेला नवस मोडला तर देव कोपेल.

देव कोपला का? मुरळी सोडणं गुन्हा ठरलं म्हणून जेजुरीचा गड ओस पडला का? सोमवतीला आजही पायऱ्या पिवळ्या होतात. त्या कायद्यांनी खंडोबाकडे मागायला कधीच मनाई केली नव्हती; मुलीच्या आयुष्याने फेडायला मनाई केली होती. ही रेघ आपण एकदा ओढून दाखवली आहे, आणि तिने भक्तीचा एक धागाही तुटला नाही. म्हणून 'नवसाला हात लावाल तर श्रद्धा कोलमडेल' हे ऐकलं की मला जेजुरीच आठवते.

आता जे मागतो त्याकडे येऊ. नवसाच्या बाजारात सर्वांत जास्त मागणी कशाला, हे कुठल्याही देवळात टांगलेल्या पाळण्यांना विचारा. मूल हवं यात वावगं काही नाही. पण आपण मूल मागत नव्हतो, मुलगा मागत होतो. आणि जिथे देवाने ऐकलं नाही तिथे सोनोग्राफीच्या यंत्राने ऐकलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. ज्या जन्मल्या त्यांच्यातल्या काहींची नावंच 'नकुशी'. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. शाळेच्या हजेरीला रोज 'नको असलेली' अशी हाक ऐकून 'हजर' म्हणायचं, हे त्या पोरींनी कसं निभावलं असेल?

आणि मग डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला. अंगात लग्नाचा पोशाख, कपाळाला मुंडावळ्या, घोड्यावर बसलेले तरुण, वाजंत्री, आणि वरात निघाली जिल्हाधिकारी कचेरीवर. तक्रार एकच, आम्हाला लग्नाला मुली मिळत नाहीत. बातमी देणाऱ्यांना मजा वाटली, बघणारे हसले. मला हसू आलं नाही. या पोरांपैकी कितीजण घरोघर मागून घेतलेले असतील? कितीजणांसाठी आयांनी मंगळवार धरले असतील, जावळं राखली असतील? त्यांच्या आईबापांना हवं होतं तेच मिळालं, शब्दशः तेच. किंमत मात्र पोरांनी मोजली.

इथे कुणी म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की गावाकडच्या मुलांची लग्नं अडण्याचं कारण नवस नाही. शेती दोन एकरांवर आली, मालाला भाव नाही, शिकलेल्या मुलीला शेतकरी नवरा आणि सासरचा गोठा नको आहे, आणि तो नको म्हणायचा तिला पुरेपूर हक्क आहे. हे सगळं मान्य. नवसाने मुली कमी केल्या असं मी म्हणतच नाही. पण जी इच्छा देवळात पाळणा टांगते तीच दवाखान्यात पडद्याकडे बघते. ती इच्छा कुणी तपासलीच नाही, कारण देवापुढे उभी राहिली की कुठलीही इच्छा पवित्र ठरते. 'देवाकडेच तर मागितलं' म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. नवसाचं मला वाटणारं खरं नुकसान हे आहे.

मग चांगला नवस असतो का? असतो, आणि तो मुंबईतल्या सर्वांत मोठ्या नवसाच्या रांगेच्या मुळाशीच आहे, हे रांगेतल्या फार थोड्यांना माहीत असेल. लालबागला पेरू चाळीच्या जागेतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला. कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, आणि नुसता नवस करून घरी बसले नाहीत, जागेसाठी खटपटही केली. जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये त्यांनी गणपती बसवला, तोच आजचा लालबागचा राजा. पाट्या घेऊन बसणाऱ्या माणसांनी हक्काची जागा मागितली, एकट्यासाठी नव्हे, सगळ्या बाजारासाठी मागितली, आणि नवस फेडला स्वतःच्या वर्गणीने. कोकणातलं गाऱ्हाणंही असंच. गावकर उभा राहून साऱ्या गावासाठी मागतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दहाजणांच्या कानांवर पडणार असेल तर माणूस मागताना जीभ सांभाळतो. वाईजवळच्या बावधनला बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा उंच शिडाचा लाकडी गाडा, निघतं; तिथे नवस पावलेल्यांमधून होळीला कौल लावून बगाड्या निवडतात आणि रंगपंचमीला तो स्वतः त्या शिडावर चढतो. मला ते बघवत नाही, आणि ओढणाऱ्या बैलांनी कुठलाही नवस बोललेला नसतो हेही दिसतं. पण शिडावर चढलेला माणूस स्वतःचं देणं स्वतःच्या अंगाने देत असतो, इतपत न्याय त्यात आहे. हाच निकष पुढे नेला तर तो बोकडापर्यंत पोचतो, याची मला जाणीव आहे. तिथे मी अडखळतो, कारण पुष्कळ गरीब घरांत वर्षातून एकदा सगळ्या भावकीला बसवून घातलेलं तेच एक जेवण असतं. याचं पक्कं उत्तर माझ्याजवळ नाही.

तुकोबांच्या त्या एका ओळीवर वाद संपवणाऱ्यांना मी तुकोबांचंच मागणं दाखवीन. 'हेंचि दान देगा देवा । तुझा विसर न व्हावा.' मागणं आहे की नाही? सरळ दान मागितलं आहे. धनसंपदा नको, मुक्तीही नको, संतसंग दे. आणि शेवटी किंमत सांगितली आहे: 'गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी.' हे दे आणि बदल्यात मला हवं तर पुन्हा पुन्हा जन्माला घाल. ज्या काळात जन्ममरणाचा फेरा चुकवणं हेच सगळ्यांचं ध्येय, त्या काळात हा माणूस तो फेरा स्वतःच्या नावावर मांडून घेतो. याहून मोठी किंमत कुणी कबूल केली असेल? पण 'आम्हांसी' म्हटलं आहे. मुलाला नाही, लेकीला नाही.

पसायदानातही 'जो जें वांछील तो तें लाहो' आहे. ते आपण लग्नपत्रिकांपासून दुकानांच्या उद्घाटनापर्यंत सगळीकडे छापतो. ज्याला जे हवं ते मिळो, इतकं अफाट मागणं जगात क्वचितच कुणी मागितलं असेल. पण माउलींनी ते आरंभी मागितलेलं नाही. आधी 'खळांची व्यंकटी सांडो', मग 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें', मग 'दुरिताचें तिमिर जावो', आणि त्यानंतर कुठे ज्याला जे हवं ते. मनातला वाकडेपणा जायच्या आधी सगळ्यांना सगळं मिळालं असतं तर? आपण ती ओळ तिच्या आधीच्या ओळींपासून तोडून भिंतीवर लावली.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या चैत्रात तिने हट्ट धरला, मलाही डोंगरावर न्या. गाडी जाते तिथवर नेलं, पुढे दोघांनी धरून पायऱ्यांपर्यंत आणलं. गुलालाने हवा लाल झाली होती, पायाखाली खोबऱ्याचे तुकडे, चहूकडून 'चांगभलं'चा गजर. गावची काठी येताना दिसली तशी ती दादाला म्हणाली, 'मला धरू दे.' त्याने तिचा हात काठीला लावला. दोन पावलं ती काठीबरोबर चालली असेल, तीही अनवाणी, आणि मग शिखराकडे बघत मोठ्याने म्हणाली, आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल अशी, 'बोलले मी हुते. पोरानं लई फेडलं. आता त्याच्याकडं मागू नगंस.' दादा खांद्यावर काठी घेऊन तसाच उभा होता, चेहरा गुलालाने माखलेला, त्यामुळे त्याचं काय झालं ते मला दिसलं नाही.

या चैत्रात त्याने यायलाच हवं असं नव्हतं. तो आला. काठीलाही लागला. पण डोंगराच्या पायथ्याशी गाडीतून उतरला तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. पायांत चपला होत्या, आणि देवळाच्या पायरीपर्यंत त्या त्याने काढल्या नाहीत.